ब्राउझरची भूक: एका तक्रारीचा इतिहास

मागच्या वर्षी जून महिन्यातली गोष्ट आहे. आमच्या मोहल्ल्यात मुलांसाठी एक अभ्यासिका चालते. एक खोली, दोन पंखे आणि तीन जुने कॉम्प्युटर एवढाच तिचा पसारा. एका कार्यालयाने नवी मशीन घेतली तेव्हा त्यांची जुनी आमच्याकडे आली. प्रत्येकात २ जीबी रॅम. बारावी पास झालेली एक मुलगी तिथे प्रवेशाचा अर्ज भरत होती. एका टॅबमध्ये अर्ज, दुसऱ्यात मेल, तिसऱ्यात फोटो लहान करून देणारी साइट. तिने चौथा टॅब उघडला आणि पडदा थिजला. माउसचा बाणही हलेना. ती घाबरून म्हणाली, "चाचा, मशीन अटकलं. माझा फॉर्म जाईल काय?" पाच-सात मिनिटे आम्ही वाट पाहिली. शेवटी ब्राउझर आपोआप बंद झाला. तासाभराचे काम गेले.

शेजारच्या खुर्चीवरच्या मुलाने लगेच निकाल दिला. "ब्राउझरच खादाड आहे, चाचा. सगळी रॅम खाऊन टाकतो. ही मशिनं आता भंगारात द्या."

हा निकाल त्या एकट्या मुलाचा नाही. ब्राउझर रॅम खातो हे आज सगळ्यांनाच पाठ झाले आहे, त्यावर विनोदही फिरत असतात. मी मात्र त्या रात्री अस्वस्थ होतो. कारण 'मशीन भंगारात द्या' याचा अर्थ त्या खोलीत 'अर्ज भरू नका' असा होतो. नवे मशीन घेण्याची ऐपत असती तर ही मुले तिथे आलीच नसती.

आरोप लोकप्रिय आहे म्हणून तो सिद्ध होत नाही. आधी कागद पाहायचे आणि मग बोलायचे, हा इतिहासाचा साधा नियम आहे. ब्राउझरच्या बाबतीत कागद भरपूर आहेत. फायरफॉक्सचा कोड खुला आहे, क्रोमचा गाभाही खुला आहे. त्यांच्या दोषांच्या नोंदवह्या वाचता येतात. अभियंत्यांनी त्या त्या वेळी लिहिलेली टिपणे उपलब्ध आहेत. ती वाचत गेलो तसे लक्षात आले की ब्राउझर खूप खातो ही गोष्ट खरी आहे. पण तो का खातो आणि त्याला कमी खायला कुणी, कधी, कशासाठी शिकवले, ही हकीकत आपल्याला कुणी सांगितलेली नाही.

ओटा आणि फडताळ

आधी रॅम म्हणजे काय ते पाहू. स्वयंपाकघरात ओटा असतो आणि फडताळ असते. डबे, भांडी, धान्य फडताळात राहते. पण चिरायचे, मळायचे, परतायचे ते ओट्यावर. कॉम्प्युटरची डिस्क म्हणजे फडताळ आणि रॅम म्हणजे ओटा. ओटा भरला की बाई काय करते? एक भांडे उचलून फडताळात ठेवते, दुसरे काढते, पुन्हा पहिले लागले की पुन्हा उलटापालट. स्वयंपाक थांबत नाही, पण सगळा वेळ ने-आण करण्यातच जातो. अभ्यासिकेतले मशीन थिजले तेव्हा आत नेमके हेच चालले होते. जुन्या मशीनमधली डिस्क रॅमच्या तुलनेत कितीतरी हळू चालते. त्यामुळे ही ने-आण सुरू झाली की माउसचा बाणसुद्धा रांगेत उभा राहतो.

वेबची पाने सुरुवातीला ओट्यावर फारशी जागा मागत नव्हती. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संशोधन संस्थेत पहिला ब्राउझर लिहिला तो मजकूर वाचण्या-लिहिण्यासाठी. १९९३ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात मार्क अँड्रीसन आणि एरिक बिना यांनी मोझाइक तयार केला आणि मजकुराच्या ओळीतच चित्र दिसू लागले. १९९५ साली नेटस्केपमध्ये ब्रेंडन आइक यांनी अवघ्या दहा दिवसांत एक भाषा लिहिली, तिचेच नाव पुढे जावास्क्रिप्ट झाले. या भाषेमुळे पानाचे स्वरूपच पालटले. पान आता फक्त वाचायचा कागद राहिले नाही, ते चालणारे यंत्र झाले. उघडून बाजूला ठेवलेला कागद काही खात नाही. उघडून ठेवलेले यंत्र मात्र खातच राहते. आज एखादा मेलचा टॅब दिवसभर उघडा राहतो तेव्हा तो दर थोड्या वेळाने सर्व्हरला विचारणा करतो, नवे निरोप आणतो, यादी पुन्हा मांडतो. पुढच्या सगळ्या कटकटीचे मूळ इथे आहे.

हलकेपणासाठी केलेले बंड

फायरफॉक्सचा जन्मच मुळात जडपणाविरुद्धच्या तक्रारीतून झाला. नेटस्केपने १९९८ साली आपला कोड लोकांसाठी खुला केला, त्यातून मोझिला प्रकल्प उभा राहिला. चार वर्षांनी, जून २००२मध्ये त्यांचा 'मोझिला १.०' आला. त्यात ब्राउझर होता, मेल होता, पत्त्यांची वही होती, वेबपान तयार करण्याचे साधन होते आणि गप्पा मारण्याचीही सोय होती. एखाद्याला बातमी वाचायची असेल तरी हा सारा संसार सोबत यायचा.

ब्लेक रॉस हा तेव्हा विशीतही न आलेला मुलगा आणि डेव्ह हायट हा अनुभवी प्रोग्रामर. या दोघांनी ठरवले की फक्त ब्राउझर असलेला ब्राउझर करायचा. सप्टेंबर २००२मध्ये त्यांनी 'फिनिक्स' नावाने पहिली आवृत्ती काढली. नावावरून हरकती आल्या म्हणून त्याचे 'फायरबर्ड' झाले, पुन्हा हरकत आली म्हणून फेब्रुवारी २००४मध्ये 'फायरफॉक्स' झाले. ९ नोव्हेंबर २००४ रोजी फायरफॉक्स १.० प्रसिद्ध झाला. ज्याला जे हवे ते त्याने जोडून घ्यावे, सगळ्यांच्या डोक्यावर सगळे लादू नये, हे त्यामागचे सूत्र होते. ही जोडून घ्यायची साधने म्हणजे ॲड-ऑन. पुढे याच ॲड-ऑननी घात केला, त्याकडे नंतर येऊ.

नॉर्वेत ऑपेरा हा ब्राउझर याआधीपासून काटकसरीसाठी ओळखला जात होता. टेलेनॉर या दूरसंचार कंपनीतल्या एका संशोधन प्रकल्पातून तो निघाला. त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्या एका फ्लॉपीवर मावत. ऑपेराची आपल्याला खरी ओळख झाली ती मात्र मोबाइलवर. जानेवारी २००६मध्ये ऑपेरा मिनी जगभरासाठी खुला झाला. ज्यांच्या हातात बटणांचा साधा फोन होता आणि नेट पॅकचा एक-एक केबी मोजून वापरावा लागे, त्या पिढीला तो आठवत असेल. पान आधी कंपनीच्या सर्व्हरवर उघडले जायचे, तिथे ते पिळून छोटे केले जायचे आणि मग फोनवर यायचे. फोनचे कष्ट सर्व्हर करत होता. यात एक देवाणघेवाण होती. पान मध्येच उघडले जात असल्यामुळे बँकेच्या व्यवहारासारखी गुप्त गोष्टही त्या सर्व्हरच्या भरवशावर सोडावी लागे. बचत फुकट होत नाही, तिची किंमत कुठेतरी मोजावी लागते, हे इथे पहिल्यांदा स्पष्ट दिसते.

गळती की साठा?

फायरफॉक्स लोकप्रिय झाला आणि वर्षभरातच तक्रारी सुरू झाल्या. सकाळी उघडलेला ब्राउझर संध्याकाळपर्यंत सगळी रॅम गिळतो, त्याला 'गळती' आहे, असे लोक म्हणू लागले. प्रोग्रामने ओट्यावर घेतलेली जागा काम झाल्यावर परत केली नाही, तर त्याला मेमरीची गळती म्हणतात.

यावर फेब्रुवारी २००६मध्ये फायरफॉक्सचे प्रमुख अभियंता बेन गुडजर यांनी खुलासा लिहिला. त्यांचे म्हणणे असे की, ज्याला लोक गळती म्हणतात त्यातला बराच भाग मुद्दाम केलेला साठा आहे. नोव्हेंबर २००५च्या फायरफॉक्स १.५मध्ये एक नवी सोय आली होती. मागे जाण्याचे बटण दाबले की आधीचे पान चटकन दिसावे म्हणून ब्राउझर नुकतीच पाहिलेली पाने तयार अवस्थेत ठेवून देई. किती पाने ठेवायची हे मशीनच्या रॅमवर ठरे. १ जीबी असेल तर ८ पाने, ५१२ एमबी असेल तर ५, आणि रॅम घटेल तशी संख्याही घटत जाई.

खुलासा चुकीचा नव्हता, पण अपुरा होता. साठ्याबरोबर खरी गळतीही होती. लोकांना ती रोज जाणवत होती आणि "ही सोय आहे" असे ऐकून त्यांचे मशीन वेगाने चालणार नव्हते. पुढच्या दोन वर्षांत मोझिलाच्या लोकांनी हे मान्य करून काम केले. १७ जून २००८ रोजी फायरफॉक्स ३ आला तेव्हा त्यात दोन मोठे बदल होते. पहिला बदल असा: पानाचे घटक आणि जावास्क्रिप्टचा कोड कधीकधी एकमेकांचा हात धरून बसतात. याला त्याची गरज आहे म्हणून तो जात नाही, त्याला याची गरज आहे म्हणून हा जात नाही, आणि बाहेर कुणालाच दोघांची गरज नसते. अशा जोड्या शोधून जागा मोकळी करणारी यंत्रणा बसवली गेली. दुसरा बदल: रॅममध्ये लहान-लहान तुकड्यांनी वाया जाणारी जागा वाचवण्यासाठी जेसन इव्हान्स यांनी फ्रीबीएसडी या प्रणालीसाठी लिहिलेले जागावाटपाचे साधन फायरफॉक्सने स्वीकारले. पहिल्या २४ तासांत हा ब्राउझर ८०,०२,५३० वेळा उतरवला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली.

क्रोमच्या वेगळ्या खोल्या

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गूगलने क्रोम आणला. त्याची ओळख करून देण्यासाठी कंपनीने स्कॉट मॅकक्लाउड या चित्रकाराकडून एक चित्रकथा काढून घेतली होती. तिच्यात क्रोमची मूळ कल्पना सोप्या भाषेत सांगितली आहे. तोवरच्या ब्राउझरमध्ये सगळे टॅब एकाच खोलीत राहत. एकाने गोंधळ घातला की सगळी खोली कोसळे. क्रोमने टॅबना वेगवेगळ्या खोल्या दिल्या. या खोलीला तांत्रिक भाषेत प्रोसेस म्हणतात. एक टॅब मेला तर तेवढाच मरतो. एका साइटमध्ये घुसलेल्या चोराला दुसऱ्या खोलीत जाणे कठीण होते. शिवाय टॅब बंद केला की ती पूर्ण खोलीच पाडली जाते, त्यामुळे तुकड्या-तुकड्यांचा कचरा मागे राहत नाही.

प्रत्येक खोलीला स्वतःच्या भिंती, दार, दिवा लागतो. म्हणजे सुरुवातीचा खर्च जास्त. हे क्रोमवाल्यांनी लपवले नव्हते. सुरुवातीला मेमरी अधिक लागेल, पण दिवसभराच्या वापरात फुगवटा कमी राहील, असे त्या चित्रकथेतच सांगितले आहे. कोणता टॅब किती खातो हे दाखवणारा तक्ताही त्यांनी ब्राउझरमध्येच दिला. शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबली की विंडोजवर तो आजही उघडतो. ब्राउझर खातो असे आपण म्हणतो, तो तक्ता मात्र सांगतो की ब्राउझरच्या नावावर एखादी साइट किंवा एखादे ॲड-ऑन जेवत आहे.

मोजल्याशिवाय काही कमी होत नाही

या इतिहासातला मला सर्वात मोलाचा वाटणारा भाग २०११चा आहे. मार्चमध्ये आलेला फायरफॉक्स ४ वेगवान होता, पण त्याची भूक वाढली होती. ऑस्ट्रेलियात राहणारे निकोलस नेदरकोट हे मोझिलाचे अभियंता. प्रोग्रामची मेमरी तपासणाऱ्या वॅलग्रिंड या साधनावर त्यांनी आधी काम केले होते. त्यांनी 'मेमश्रिंक' नावाची मोहीम सुरू केली. जून २०११पासून नियमित बैठका होऊ लागल्या. मेमरीविषयीची प्रत्येक तक्रार वाचायची, महत्त्वानुसार तिला क्रमांक द्यायचा, कुणाकडे तरी सोपवायची आणि काय झाले ते जाहीर लिहायचे. पद्धत एखाद्या चांगल्या तलाठ्यासारखी होती, फार मोठी जादू तीत नव्हती.

मोहिमेने मोजमापावर भर दिला. फायरफॉक्समध्ये पत्त्याच्या जागी इंग्रजीत 'अबाउट:मेमरी' लिहिले की मेमरीचा हिशोब दिसतो. त्या पानावर आधी ढोबळ आकडे असत. आता कोणत्या साइटसाठी किती, चित्रांसाठी किती, जावास्क्रिप्टसाठी किती, असा तपशील दिसू लागला. सप्टेंबर २०११मध्ये फायरफॉक्स ७ आला तेव्हा मोझिलाने सांगितले की मेमरीचा वापर बहुतेक वेळा २० ते ३० टक्क्यांनी आणि काही वेळा ५० टक्क्यांपर्यंत घटला आहे.

मग ॲड-ऑनचा प्रश्न समोर आला. अनेक ॲड-ऑन बंद झालेल्या टॅबचा एखादा धागा हातात धरून ठेवत. त्या एका धाग्यामुळे ते पूर्ण पान मेमरीत जिवंत राही. आधी टीमने ॲड-ऑन लिहिणाऱ्यांना त्यांच्या चुका एकेक करून दाखवल्या. पण हजारो लोकांना शिस्त लावणे शक्य नव्हते. शेवटी काइल ह्यूई यांनी ब्राउझरमध्येच असा बदल केला की पान बंद झाले की ॲड-ऑनच्या हातातला धागा तुटतो. ऑगस्ट २०१२च्या फायरफॉक्स १५मध्ये तो आला आणि गळतीचा एक मोठा प्रकार जवळजवळ संपला.

चित्रांची गोष्टही लक्षात ठेवण्यासारखी आहे. मोबाइलने काढलेला ४००० गुणिले ३००० बिंदूंचा फोटो फाइल म्हणून ३-४ एमबीचा असतो. पण पडद्यावर दाखवण्यासाठी तो उलगडावा लागतो. प्रत्येक बिंदूला ४ बाइट, म्हणजे १ कोटी २० लाख बिंदूंना ४ कोटी ८० लाख बाइट, साधारण ४८ एमबी. एका पानावर असे वीस फोटो असले तर हिशोब तुम्हीच करा. पूर्वी फायरफॉक्स पानावरची सगळी चित्रे उलगडून ठेवी. २०१३मध्ये तो फक्त पडद्यावर दिसणारी आणि त्याच्या आसपासची चित्रे उलगडू लागला. अभ्यासिकेतल्या त्या मुलीने लहान करण्यासाठी उघडलेला फोटो मोबाइलवरचाच होता.

जाहिराती अडवणारे ॲड-ऑन लावले की ब्राउझर हलका होतो, असा समज आहे. मे २०१४मध्ये नेदरकोट यांनी मोजून दाखवले की त्या काळचे सर्वात लोकप्रिय ॲड-ऑन, ॲडब्लॉक प्लस, स्वतःच भरपूर मेमरी घेते. ते आपल्या नियमांची लांबलचक यादी पानातल्या प्रत्येक चौकटीसाठी वेगळी मांडत होते. ज्या पानात शेकडो चौकटी, तिथे यादीच्या शेकडो प्रती. त्याच वर्षी रेमंड हिल यांनी कमी मेमरीत तेच काम करणारे यूब्लॉक आणले. रोग तोच, औषधही तेच, पण मात्रा मोजून दिलेली.

सुरक्षिततेची किंमत

इथवरची कथा काटकसरीची आहे. २०१८ साली तिला वेगळे वळण लागले. जानेवारीत 'स्पेक्टर' नावाने ओळखला जाणारा दोष जाहीर झाला. हा दोष प्रोसेसरमध्येच होता. एकाच खोलीत दोन साइट राहत असतील तर एक साइट दुसरीची गुपिते चोरून वाचू शकेल, अशी शक्यता त्यातून निर्माण झाली. टॅबला वेगळी खोली देऊन भागणार नव्हते, कारण एका टॅबमध्येच जाहिरातीची, व्हिडिओची, नकाशाची अशा अनेक साइटच्या चौकटी असतात. आता प्रत्येक साइटला वेगळी खोली देणे भाग होते.

क्रोमने त्याच वर्षी ६७व्या आवृत्तीपासून डेस्कटॉपवर हे सुरू केले आणि किंमतही जाहीर केली. मेमरीचा एकूण वापर १० ते १३ टक्क्यांनी वाढतो, असे गूगलनेच लिहिले. म्हणजे ब्राउझरची ही वाढलेली भूक हा खादाडपणा नव्हता, तो पहारेकऱ्याचा पगार होता.

पुढचा कागद वाचला आणि मी थांबलो. ऑक्टोबर २०१९मध्ये गूगलने अँड्रॉइडच्या क्रोममध्ये हे संरक्षण आल्याचे जाहीर केले. फोनची मेमरी कमी असते म्हणून ते फक्त पासवर्ड टाकून वापरायच्या साइटना दिले गेले. आणि तेही किमान २ जीबी रॅम असलेल्या फोनवर. ज्याच्या हातात १ जीबीचा फोन होता त्याची बँक तीच, पासवर्डही तसाच मोलाचा, पण त्याला ही भिंत मिळाली नाही. अभियंत्यांचा निर्णय तांत्रिकदृष्ट्या समजण्यासारखा आहे. भिंत बांधली असती तर तो फोन चाललाच नसता. पण त्याचा अर्थ काय होतो पाहा. मेमरी वाचवण्याचा प्रश्न हा नुसता वेगाचा प्रश्न उरत नाही. ज्याच्याकडे कमी आहे त्याला संरक्षण मिळणार की नाही, हे त्यावर ठरते.

फायरफॉक्सच्या लोकांनी हे गणित आधीच मांडले होते. २०१८च्या जुलैमध्ये त्यांनी 'फिशन' या प्रकल्पासाठी मेमश्रिंकची दुसरी फेरी सुरू केली. प्रत्येक साइटला वेगळी खोली द्यायची तर साधारण १०० खोल्या चालवता आल्या पाहिजेत. १०० खोल्यांचा जादा खर्च १ जीबीच्या आत ठेवायचा तर रिकामी खोली १० एमबीपेक्षा लहान हवी. त्या वेळी विंडोज १०वर एक रिकामी खोलीच १७ ते २१ एमबी घेत होती. लिनक्स आणि मॅकवर तर २५ ते ३५. तुलनेसाठी सांगतो, १९९५ साली विंडोज ९५ ही पूर्ण प्रणाली किमान ४ एमबी रॅमवर सुरू होत असे. मग केबी-केबीने कपात सुरू झाली. एका खोलीत १०० केबी वाचले की शंभर खोल्यांत १० एमबी वाचतात. जी माहिती सगळ्या खोल्यांना सारखीच लागते ती एकदाच ठेवून सर्वांना वाचायला दिली गेली. जे लगेच लागत नाही ते गरज पडेपर्यंत मागवायचेच नाही असे ठरले. या कष्टानंतर २०२१च्या अखेरीस फायरफॉक्सच्या डेस्कटॉप वापरकर्त्यांना साइटनिहाय वेगळ्या खोल्या मिळू लागल्या.

१२८ एमबीचा फोन आणि झोपलेले टॅब

या काटकसरीचा एक धागा थेट भारतापर्यंत येतो. मोझिलाने फायरफॉक्सच्याच गाभ्यावर फोनची प्रणाली उभारली होती, फायरफॉक्स ओएस. ऑगस्ट २०१४मध्ये भारतात इंटेक्स क्लाउड एफएक्स हा फोन १,९९९ रुपयांना विकायला आला. त्याची रॅम होती १२८ एमबी. एवढ्याशा ओट्यावर ब्राउझरचा गाभा चालवून त्यावर पूर्ण फोन उभा करण्याचा हा प्रयत्न होता. तो फार टिकला नाही. डिसेंबर २०१५मध्ये मोझिलाने फोनचा प्रकल्प थांबवत असल्याचे जाहीर केले. पण कोड खुला होता. त्यातूनच कायओएस निघाली आणि २०१७मध्ये तीच प्रणाली घेऊन ५१२ एमबी रॅमचा जिओफोन आपल्या बाजारात आला. बटणांच्या फोनवर ज्यांनी त्या काळात व्हिडिओ पाहिले, त्यांच्या हातात मेमश्रिंकच्या बैठकांचे थोडे फळ पोचले होते, हे त्यांना कुणी सांगितले नाही.

कॉम्प्युटरवर दुसरी युक्ती रुजली, न वापरलेला टॅब झोपवण्याची. फायरफॉक्स १३ने २०१२ साली जुने टॅब क्लिक केल्यावरच उघडायला सुरुवात केली होती. क्रोमने २०१५मध्ये मेमरी कमी पडली की जुने टॅब रिकामे करायला सुरुवात केली. एज ब्राउझरने २०२१मध्ये दोन तास न पाहिलेले टॅब झोपवण्याची सोय दिली. फायरफॉक्सने त्याच वर्षी विंडोजवर मेमरी संपत आली की टॅब उतरवायला सुरुवात केली. डिसेंबर २०२२मध्ये क्रोमने 'मेमरी सेव्हर' हे बटणच दिले. त्याचा एक नियम मला आवडला. गाणे वाजत असलेला टॅब, काही उतरवत असलेला टॅब आणि अर्ज अर्धवट भरलेला टॅब झोपवायचा नाही. अर्धवट अर्जाची किंमत कुणाला तरी ठाऊक होती.

दोष कुणाच्या पदरात?

आता त्या मुलाच्या निकालाकडे येऊ. ब्राउझर खादाड आहे का? २००६ साली आणि २०११ साली हा आरोप बऱ्याच अंशी खरा होता, आणि ब्राउझर बनवणाऱ्यांनी तो मान्य करून सुधारणा केली. २०१८नंतरची वाढ बरीचशी संरक्षणासाठी आहे. पण या तीस वर्षांत पानांच्या वजनाचे काय झाले? वेबची मोजदाद ठेवणाऱ्या एचटीटीपी आर्काइव्हच्या नोंदींनुसार डेस्कटॉपवरचे मध्यम वजनाचे पान २०१०च्या अखेरीस साधारण साडेचारशे केबीचे होते. २०२२मध्ये ते सुमारे २.३ एमबीचे झाले. म्हणजे पाचपट. ब्राउझरवाले केबी-केबीने ओटा रिकामा करत राहिले आणि साइट बनवणारे त्यावर नवी भांडी ठेवत राहिले. ज्या ऑफिसात या साइट तयार होतात तिथल्या टेबलावर नवे मशीन असते. तिथे पान चटकन उघडते, म्हणून ते सगळीकडे चटकन उघडते असे गृहीत धरले जाते. त्या अर्जाचे पान बनवणाऱ्याने ते २ जीबीच्या मशीनवर एकदाही उघडून पाहिले नसावे, असे मला वाटते.

अभ्यासिकेत आम्ही जमले तेवढे केले. ब्राउझरमध्ये कुणी-कुणी घातलेली सहा ॲड-ऑन निघाली, त्यातली पाच काढली. मेमरी सेव्हर चालू केला. एका मशीनची रॅम काढून दुसऱ्यात घातली, त्यामुळे एक मशीन ४ जीबीचे झाले. ते फक्त अर्ज भरण्यासाठी ठेवले आहे. एक २ जीबीचे वाचनासाठी चालते, तिसरे कोपऱ्यात उघडे पडून आहे. भिंतीवर कागद लावला आहे: अर्ज भरताना दुसरा टॅब उघडू नका, फोटो मोबाइलवरच लहान करून आणा.

ती मुलगी दुसऱ्या दिवशी आली. यावेळी एकच टॅब उघडला, तासाभरात अर्ज भरून झाला. निघताना तिने भिंतीवरचा कागद वाचला आणि विचारले, "चाचा, हे आम्हालाच का सांगता? साइटवाल्यांना पण कुणीतरी सांगा ना."

तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. म्हणून हा लेख लिहिला. वाचणाऱ्यांपैकी कुणी साइट तयार करत असेल, तर ती लोकांसमोर ठेवण्याआधी एकदा २ जीबीच्या जुन्या मशीनवर उघडून पाहा. असे मशीन नसेल तर आमच्या अभ्यासिकेत या. एक कायम रिकामे ठेवू.